आमची वाटचाल : रिकाम्या खोल्यांचा धंदा

हा व्यवसाय सुरू करण्याआधी मी एका रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. अपघातात डोक्याला मार लागलेल्या, पक्षाघात झालेल्या, मेंदूतली गाठ काढलेल्या पेशंटना कपडे घालणं, दात घासणं, जिना चढणं पुन्हा शिकवायचं, हे माझं काम. डिस्चार्जच्या दिवशी त्यातले बरेच जण आपल्या पायांनी चालत जायचे. काही महिन्यांनी तपासणीला आले की नातेवाईक मला हळूच बाजूला घेऊन सांगायचे, "तसे बरे आहेत हो, पण एकटं सोडता येत नाही."

एकटं सोडता येत नाही म्हणजे काय, हे विचारलं की प्रत्येक घरातून निराळं उत्तर मिळायचं. कुणी गॅसवर भांडं ठेवून विसरतं. कुणी सकाळची गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतं. कुणाशी फोनवर कोणी गोड बोललं की बँक खात्याची सगळी माहिती देऊन मोकळं. सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे सकाळी उठून पलंगावर बसलेला माणूस दुपारपर्यंत तसाच बसून राहतो. "अंघोळ करून घ्या" म्हटलं की उठतो, नीट अंघोळ करतो, आणि पुन्हा येऊन बसतो. घरच्यांना तो आळस वाटतो, हट्ट वाटतो. पण कपाळामागच्या भागाला इजा झाली की असं होतं: काम येत असतं, ते सुरू करता येत नाही. जखमेची खूणही दिसत नाही, त्यामुळे शेजारीपाजारी म्हणतात, "चांगला धडधाकट तर आहे!"

यात रुग्णालयाला दोष देण्यासारखं काही नाही. तिथली मोजमापंच वेगळ्या कामाची. ग्लासगो कोमा स्केल हे सगळीकडे वापरलं जाणारं माप ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलं. डोळे उघडतात का, बोलणं कसं आहे, हातपाय हलतात का, यावरून ३ ते १५ गुण. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. सुरुवातीच्या तासांत हा आकडा फार मोलाचा असतो. पण हाच माणूस सहा महिन्यांनी वीजबिल वेळेवर भरेल का, हे त्यातून कसं कळणार? कागदावरच्या चाचण्याही पुऱ्या पडत नाहीत. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये तीन पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिघांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली, तरी बुद्धीच्या चाचण्यांत कामगिरी चांगली. पण त्यांना दुकानांच्या रस्त्यावर सोडून काही साध्या वस्तू आणायला आणि थोडी माहिती गोळा करायला सांगितली, तेव्हा त्यांची घडी विस्कटली. मी हा अभ्यास वाचला तेव्हा मला काही नवं कळलं असं नाही, फक्त आपण रोज पाहतो ते कुणीतरी मोजलं आहे याचं समाधान वाटलं.

मग ठरवलं की एक घर काढायचं. रुग्णालय नाही आणि वृद्धाश्रमही नाही. मोठ्या माणसांनी काही महिने राहावं, स्वतःचा दिवस स्वतः चालवायला शिकावं आणि निघून जावं असं घर. माझा धाकटा भाऊ हिशेबात पक्का. तो नोकरी सोडून माझ्याबरोबर आला. कर्ज मागायला गेलो तर आमचं काम कोणत्या रकान्यात टाकायचं हेच समोरच्यांना कळेना. दवाखाना म्हणावा तर खाटा नाहीत, वसतिगृह म्हणावं तर थेरपिस्ट आहेत. शेवटी भाड्याचं घर, थोडी आमची बचत आणि लहानसं कर्ज यावर सुरुवात झाली.

घर लावताना आम्ही मुद्दाम साधं लावलं. मेंदूला इजा झालेल्या माणसाला एका जागी शिकवलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप येत नाही. थेरपीच्या खोलीत बटणं दाबायला शिकलेला माणूस घरच्या वॉशिंग मशीनसमोर अडतो, कारण तिथली बटणं निराळी. म्हणून आजही एखादा रहिवासी घरी जायच्या बेतात असला की त्याच्या घरी कोणतं यंत्र आहे ते आम्ही आधी विचारतो, आणि जमलं तर तसंच यंत्र त्याच्या सरावासाठी आणतो. भावाला हा खर्च पहिल्यांदा अजिबात पटला नव्हता.

जिथे धोका आहे तिथे मात्र आम्ही हात आखडला नाही. डोक्याला जोराचा धक्का बसला की नाकाच्या वरच्या हाडातून जाणारे वासाचे बारीक तंतू तुटू शकतात, आणि माणसाची वास घेण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. गॅस गळतोय, अन्न नासलंय, हे त्याला कळणारच नाही. म्हणून स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र आहे आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहायची सवय आहे. इजेनंतर काहींना फिट येतात, तेही अपघाताला बरेच महिने उलटल्यावर. त्यासाठी न्हाणीघराच्या कड्या बाहेरूनही उघडता येतील अशा बसवल्या. अशा गोष्टी पाहुण्यांच्या लक्षातही येत नाहीत, आणि तसंच असायला हवं.

सगळ्यात अवघड गेलं ते माणसं मिळवणं. सुरुवातीला रुग्णसेवेचा अनुभव असलेले सहायक घेतले. फार प्रेमळ, कामाला चटपटीत. रहिवाशाच्या शर्टाचं बटण अडलं की यांचे हात आधी पुढे. त्यांच्या आधीच्या नोकरीत तेच चांगलं काम मानलं जायचं. आमच्याकडे मात्र कामाचा बराचसा भाग म्हणजे शेजारी उभं राहून काही न करणं. बटण लावायला दहा मिनिटं लागली तर लागू द्यायची. अडला तर आधी नुसतं थांबायचं, मग "आता पुढे काय?" एवढंच विचारायचं, मग बोटाने दाखवायचं, आणि अगदी शेवटी हात लावायचा. नातेवाईक भेटायला आले की त्यांना वाटायचं, पैसे घेऊन ही माणसं उभी राहून बघतात! एका बाईंनी तर मला तसं तोंडावरच सुनावलं. म्हणून आता पहिल्या आठवड्यातच नातेवाईकांना एक सकाळ सहायकाच्या शेजारी उभं करतो. गप्प उभं राहणं किती कठीण आहे ते त्यांना तिथे कळतं.

याला एक अपवाद आहे. स्मरणशक्ती फार गेली असेल तर "चुकत चुकत शिकेल" हे धोरण उलटतं. तुम्हाआम्हाला आपली चूक आठवते, म्हणून आपण ती सुधारतो. अशा माणसाला चूक केल्याचं आठवत नाही, पण हाताला चुकीच्या कृतीची सवय लागते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की अशांना चुकायची संधीच न देता शिकवलं तर ते जास्त चांगलं शिकतात. त्यामुळे आमच्याकडे एकाच स्वयंपाकघरात एका रहिवाशाला अडू देतात आणि दुसऱ्याला प्रत्येक पायरी आधीच सांगतात. नव्या सहायकाला हा फरक अंगी बाणवायला बराच वेळ लागतो. कुणासाठी कोणती पद्धत, हे आमच्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या इजेचा विचारांवर आणि वागण्यावर काय परिणाम झालाय ते तपासणाऱ्या मानसतज्ज्ञ, ठरवतात आणि रहिवाशाच्या खोलीत कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतात.

आठवणीसाठी आमचं मुख्य साधन म्हणजे मोबाइलचा गजर. याची मुळं जुनी आहेत. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १४३ जणांवर पेजरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ठरलेल्या वेळी पेजर वाजायचा, त्यावर काय करायचं ते दिसायचं. ८० टक्क्यांहून जास्त लोकांची रोजची कामं त्यामुळे स्पष्टपणे सुधारली. आज तेच काम खिशातला फोन करतो. गंमत अशी की पलंगावर बसून राहणाऱ्या माणसालाही तो उपयोगी पडतो. त्याला काय करायचं ते आठवत असतं, फक्त सुरुवातीचा धक्का हवा असतो. आणि बायकोने दहादा सांगण्यापेक्षा फोनने सांगितलेलं कमी झोंबतं, हे मला कित्येक जणांनी हसत सांगितलंय.

आता पैशांचं. पहिली काही वर्षं उलटल्यावर भाऊ एकदा वह्या समोर ठेवून म्हणाला, "ताई, आपण जितकं चांगलं काम करू, तितक्या लवकर आपलं गिऱ्हाईक जाणार. हा कसला धंदा?" प्रश्न रास्त होता. आम्ही दिवसाप्रमाणे आकार घ्यायचो. म्हणजे रहिवासी जास्त दिवस राहिला की आमचा फायदा, आणि त्याला लवकर तयार केलं तर खोली रिकामी, तोटा आमचा. या पद्धतीत कुणाची नियत वाईट असायची गरजच नसते. "अजून महिनाभर राहू द्या, काय हरकत आहे" असं सगळ्यांनाच वाटू लागतं, नातेवाईकांना तर आधी.

त्यावर आम्ही रचनाच बदलली. पहिला टप्पा मुख्य घरात, जिथे चोवीस तास कुणीतरी असतं. दुसरा मागच्या छोट्या सदनिकांत. तिथे रहिवासी एकटा राहतो, स्वयंपाक, कपडे, खरेदी त्याची त्याने करायची, आम्ही फक्त फोनवर. तिसरा त्याच्या स्वतःच्या घरी, जिथे आमचा थेरपिस्ट अधूनमधून जातो. आकार टप्प्यानुसार, आणि तिसऱ्या टप्प्याची रक्कम सुरुवातीलाच ठरलेली. खोली रिकामी झाली तरी काम आणि उत्पन्न थांबत नाही. उद्दिष्टंही पहिल्याच पंधरवड्यात लिहून होतात. त्यासाठी टॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांची १९६८ सालची पद्धत वापरतो: प्रत्येक उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या, अपेक्षित निकाल शून्यावर, त्याहून चांगलं झालं तर अधिक एक किंवा दोन, कमी पडलं तर उणे. "स्वावलंबी होणे" असलं काही तिथे लिहिता येत नाही. "बसने एकट्याने कामावर जाऊन परत येणे, आठवड्यातून तीनदा" असं लिहावं लागतं. ते मोजता येतं, त्यामुळे मुक्काम का वाढवायचा किंवा का संपवायचा यावर वाद कमी होतात.

रचना बदलल्यावर डॉक्टरांकडून येणारी नावं वाढली. आमच्या खोल्या रिकाम्या होतात हे त्यांना दिसत होतं.

सगळ्यांना आम्ही घेत नाही. ज्यांच्या शरीराची स्थिती अजून डगमगती आहे, ज्यांना सतत नर्सिंग लागतं, ज्यांच्या रागाचा इतर रहिवाशांना धोका आहे, त्यांना आमचं घर पुरं पडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्यांना आपल्याला काही झालंय हेच मान्य नाही, त्यांना मात्र घेतो. तो त्यांचा अडेलपणा नसतो, इजेचाच भाग असतो. त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. आम्ही काम सुरू करण्याआधी विचारतो, "किती वेळ लागेल? किती मदत लागेल?" उत्तर लिहून ठेवतो. काम झाल्यावर प्रत्यक्षात किती लागलं तेही लिहितो, आणि दोन्ही कागद त्यांच्याच हातात देतो. एक हिशेबनीस गृहस्थ असे होते. आकड्यांची बेरीज आजही माझ्यापेक्षा वेगाने करतील, पण दिवसाचं वेळापत्रक पाळता येत नव्हतं आणि ते त्यांना पटत नव्हतं. स्वतःचे अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांचा तक्ता त्यांनी स्वतःच मांडायला घेतला. पुढे तो तक्ता ते दुरुस्त करत राहिले आणि त्या नादात वेळापत्रकही रुळावर आलं.

थकव्याबद्दल लोक विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. इजा झालेल्या मेंदूचा थकवा झोपेने लगेच जात नाही आणि इच्छाशक्तीने हटत नाही. गर्दी, आवाज, एका वेळी दोन माणसांचं बोलणं एवढ्याने तो येतो. म्हणून अवघड कामं सकाळी, दुपारी सक्तीची शांतता, आणि टीव्ही बसण्याच्या खोलीत ठेवलेलाच नाही. नोकरीवर परतणाऱ्यांनाही आम्ही आधी अर्ध्या दिवसाचीच गोष्ट करायला सांगतो. मालक लोक बहुधा ऐकतात. घाई रहिवाशालाच असते.

सध्या एक नवी सदनिका तयार होते आहे, आणि शनिवार-रविवारी घरी जाऊन आलेल्यांसाठी सोमवारचा वेगळा गट सुरू केला आहे, कारण घरी काय अडलं ते सोमवारी ताजं असतं. गटाचं नियोजन आमच्याच एका जुन्या रहिवाशाकडे आहे. पगारी काम आहे, अर्धवेळ.

आमच्याकडे चौकशीला येणार असाल तर स्कॅन आणि डिस्चार्जचे कागद आणाच. त्याबरोबर एका साध्या दिवसाची नोंद आणा: सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस काय आपणहून करतो, काय सांगितल्यावर करतो, आणि तुम्ही काय त्याच्यासाठी करून टाकता. तिसरी यादी बहुतेकांची सगळ्यात लांब असते. आमचं काम तिथून सुरू होतं.