‘गिट क्लीन’ने उडवलेल्या फायली

बिल्ड काही केल्या होईना, म्हणून शेजारच्या सहकाऱ्याने वैतागून ‘गिट क्लीन’ (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटची, नोंद नसलेल्या फायली पुसणारी कमांड) चालवलं, तेही एफ, डी, एक्स ही तिन्ही अक्षरं जोडून. बिल्ड झालं. मग तो ओरडला, "अरे, माझ्या नोट्स कुठे गेल्या?"

एक्स म्हणजे इग्नोर केलेल्या, गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या, फायलीही उडव. त्याची लोकल कॉन्फिग, एसक्यूएल क्वेरी, बगांवरची टिपणं, सगळं प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये होतं. नावं गिटच्या ‘इन्फो/एक्स्क्लूड’ या इग्नोर-यादीत घातलेली. जागा योग्यच, ती यादी प्रोजेक्टच्या सामायिक गिटइग्नोर फायलीसारखी टीमकडे जात नाही. पण इग्नोर केलेल्या फायलीची प्रत गिट ठेवतच नाही. रीसायकल बिन रिकामा, आणि कमिटच (गिटमध्ये कायम नोंदच) नाही तर रीफ्लॉगमध्ये, म्हणजे जुन्या कमिटांच्या माग-यादीत, तरी काय सापडणार?

"यातलं काही कधी चुकून अ‍ॅड केलं होतंस का?" मी विचारलं. क्वेरींची फाइल गेल्या आठवड्यात स्टेज झाली होती (पुढच्या कमिटसाठी निवडली गेली होती), ती त्याने लगेच काढली होती. मग आशा होती. स्टेज होताच मजकुराचा ब्लॉब (गिटच्या साठ्यातली प्रत) बनतो आणि असा बेवारस ब्लॉब गिट सहसा दोन आठवडे तरी टाकून देत नाही. गिटचा साठा तपासणारी एफएससीके कमांड ‘लॉस्ट-फाउंड’ पर्यायासह चालवली. 40 अक्षरी नावांच्या बऱ्याच फायली निघाल्या. एकेक उघडत गेलो, आणि एकीत पहिल्याच ओळीत त्याची कॉमेंट: ‘हे प्रॉडक्शनवर चालवू नकोस रे बाबा’. क्वेरी मिळाल्या. टिपणं मात्र गेली ती गेलीच.

संध्याकाळी त्याला खासगी फायली जपायची माझी पद्धत लावून दिली. होम फोल्डरमध्ये वेगळा बेअर रेपो (कामाच्या फायलींशिवाय नुसता गिटचा साठा), आणि एक एलियस (कमांडचं टोपणनाव): गिट-डिर (साठ्याची जागा) त्या रेपोकडे, वर्क-ट्री (कामाचं फोल्डर) प्रोजेक्टकडे. अनट्रॅक्ड (या रेपोत नोंद नसलेल्या) फायली दाखवणं बंद, नाहीतर स्टेटसमध्ये अख्खा प्रोजेक्ट ओतला जातो. एक्स्क्लूडची यादी प्रत्येक रेपोची आपापली, त्यामुळे इथे ती आड येत नाही. गिटइग्नोरमधली फाइल असेल तर मात्र अ‍ॅडला एफ लावावा लागतो. रिमोट (दुसरीकडचा रेपो) जोडलेलाच नाही, म्हणजे पुश करून फायली जाणार कुठे? बॅकअप वेगळ्या डिस्कवर.

"त्यापेक्षा प्रोजेक्टच्याच रेपोत खासगी ब्रँच (वेगळी शाखा) केली तर?" त्याने विचारलं. मला ते पटत नाही. कोणीतरी घाईत ‘पुश ऑल’ (सगळ्या ब्रँच एकदम पाठवणं) करतो आणि पासवर्ड सगळ्यांच्या हिस्टरीत जाऊन बसतो.

एक गोष्ट त्याला दोनदा बजावली: या एलियसने क्लीन कधीच चालवायचं नाही. त्या रेपोच्या लेखी अख्खा प्रोजेक्टच अनट्रॅक्ड आहे.