सचखंड हजूर साहिब, १:१०० : काम घुमटापर्यंत आलं

मंडळी, नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची प्रतिकृती आता घुमटापर्यंत पोचली आहे. खालचा मजला पक्का झालाय, वरचा नुसता टेकवून ठेवलाय. मधली अंगीठा साहिबची, म्हणजे गुरू गोविंदसिंगजींच्या अंत्यसंस्काराच्या जागेची, खोली चारी बाजूंनी बंद झाली, त्यामुळे ती यापुढे कुणाला दिसणार नाही. दिसणारच नाही तर तिच्यात एवढा जीव कशाला ओतलास, असं काहींनी विचारलं होतं.

माझ्या मते ही वास्तू वाचायची असेल तर आतून बाहेर वाचावी लागते. मुघल बादशहा बहादुरशहाच्या दक्षिण मोहिमेच्या वेळी गुरू गोविंदसिंगजी गोदावरीकाठी आले. माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला तो इथेच, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंचं देहावसानही इथेच झालं. त्याआधी त्यांनी ग्रंथसाहिबला गुरुपद दिलं होतं. मागे राहिलेल्या शिखांनी, गुरू ज्या चौथऱ्यावर दरबार भरवत तिथे एक खोली बांधून ग्रंथसाहिब ठेवला आणि त्या जागेला तख्त, म्हणजे धर्मपीठ, म्हणू लागले. आज दिसते ती इमारत त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांनी बांधवली. मुलूख निजामाचा, पैसा लाहोर दरबाराचा. अंत्यसंस्काराची जागा मधोमध जपायची, हे आधीच ठरलेलं. बाकीचं बांधकाम तिच्याभोवती वाढलं. म्हणून दर्शनी भिंतीपासून सुरुवात करणं मला पटेना. आधी खोली केली, मग तिच्या मापाने पुढचा दालनाचा भाग.

त्या दालनाचं महत्त्वही रोजच्या क्रमातून कळतं. दिवसा ग्रंथसाहिबचा प्रकाश (ग्रंथ विधिपूर्वक उघडून मांडणं) समोरच्या दालनात असतो, रात्री आतल्या संगमरवरी चौथऱ्यावर. दोन्ही जागा एका रेषेत, एकमेकींना सामोऱ्या. आतल्या भिंतींवर सोन्याचा पत्रा आहे. तो दाखवायला मी चॉकलेटची सोनेरी चांदी वापरली. हसू नका, सुरकुत्या काढून घासली की छान बसते.

आता घुमट. यात बराच वेळ गेला आणि जाणारच होता. शीख घुमट पायथ्याशी सरळ उठत नाही. आधी कमळाच्या पाकळ्यांचं कडं, त्यावर जरा आत घेतलेली मान, मग फुगवटा आणि वर निमुळता होत कळसाला भिडणारा शेंडा, साधारण लसणाच्या गड्डीसारखा. बाजारात मिळणारे थर्माकोलचे गोळे म्हणूनच निरुपयोगी. गोळा अर्धा कापला की गोल घुमट होतो, पण मान येत नाही, आणि मानेशिवाय सगळं चित्र परकं वाटतं. मी लेथवर लाकडी साचा काढून घेतला, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेविकॉलने थरावर थर चढवल्या, वाळल्यावर उभा छेद देऊन कवच सोडवलं आणि पुन्हा जोडलं. सांधा पुट्टीने बुजवला, दोनदा पॉलिश पेपर मारला.

सोनेरी स्प्रे मात्र टाळा. क्रीडास्पर्धेच्या ट्रॉफीचा रंग येतो. मी आधी तांबूस विटकरी रंगाचा हात दिला आणि वर नकली वर्ख लावला. वर्ख जिथे विरळ बसतो तिथून तांबडी झाक डोकावते आणि सोनं एकदम उबदार दिसतं. कळसाला तर हे शोभतंच, कारण खऱ्या कळसाचं तांबंही सोन्याच्या मुलाम्याखालीच आहे.

भिंतींचा पांढरा रंगही डबीतून थेट घेऊ नका. मराठवाड्याच्या उन्हात संगमरवर कधीच निखळ पांढरा दिसत नाही. चिमूटभर गेरू आणि किंचित राखाडी घाला.

परिसर किती घ्यायचा यावर मी बरंच घुटमळलो. २००८ च्या गुरुतागद्दी (ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याच्या) त्रिशताब्दीच्या निमित्ताने भोवताल पुष्कळ मोकळा झाला, त्यामुळे जुन्या आणि नव्या फोटोंत आजूबाजूचं काहीच जुळत नाही. शेवटी मुख्य वास्तू, परिक्रमा आणि निशाण साहिब (शिखांचा ध्वज), एवढंच ठरवलं. नगीना घाट, बंदा घाट, माळटेकडी हे नांदेडमधले इतर गुरुद्वारे, हे सगळं नंतर कधीतरी, वेगळ्या पाटावर.

पुढचा नंबर पाटण्याच्या पाटणा साहिब गुरुद्वाऱ्याचा का लावत नाही, असंही एकाने सुचवलं. तिथेही रणजितसिंहांनीच बांधकाम करवलं होतं, पण १९३४ च्या भूकंपात त्याचं फार नुकसान झालं आणि आजची इमारत स्वातंत्र्यानंतरची आहे. अमृतसरचं अकाल तख्तही १९८४ नंतर नव्याने उभं राहिलं. मला स्वतःला जुन्या हातांच्या कामामागे जायला आवडतं, म्हणून तूर्तास नांदेडच.

आता उरलेत कोपऱ्यांवरचे छोटे घुमट आणि अनेक पाकळ्यांच्या कमानी. कमानी एक मिलिमीटरच्या कार्डशीटमधून हाताने कापतोय, पण आतल्या टोकांना कागद पिंजतो. लेझर कटिंगने कडा जळून काळ्या होतात, त्या पांढऱ्या रंगाखालूनही दिसतात. कुणी कापण्याआधी कागदाला पातळ सुपरग्लू पाजून पाहिलंय का? पाजलं असेल तर नंतर रंग धरतो का, तेवढं सांगा.