रात्री पोरींजवळ कोण झोपतं?

लेक चौथीत. मार्चमध्येच तिनं जाहीर करून टाकलं, यंदा सुट्टीत आजोळी नाही, मुक्कामी शिबिराला जायचं. मैत्रीण जाणार होती, विषय संपला.

पहिला घोळ तारखांचा. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं, थेट 25 एप्रिलपर्यंत लांबल्या. त्यामुळे एप्रिलमधल्या बॅचेस आम्हाला बाद. मेच्या बॅचेस भराभर भरत होत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रकं येतच होती. तिरंदाजी, घोडेस्वारी, व्हॅली क्रॉसिंग, शिवाय व्यक्तिमत्त्व विकास. सहा दिवसांत तो होत असता तर मीच नाव घातलं असतं.

चार ठिकाणी फोन लावले. सुरुवातीला माझे प्रश्न ठरलेले: फी किती, बस कुठून सुटते, जेवायला काय. शेजारी गवार मोडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ते सोड गं. रात्री पोरींजवळ कोण झोपतं ते विचार."

विचारलं. पलीकडे जरा शांतता. मग, "मॅनेजर कॅम्पसवरच असतात." मॅनेजर बाई की पुरुष, हे परत विचारावं लागलं. पुरुष. तो कॅम्प तिथेच कटाप.

दुसऱ्या ठिकाणी दोरावरचे खेळ होते. साहसी पर्यटनासाठी राज्याचं 2021 चं धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, एवढं वाचून ठेवलं होतं. नोंदणीचा कागद मागितला तर उत्तर आलं, "मॅडम, पंधरा वर्षं करतोय, अजून काही झालं नाही." त्यातला 'अजून' मला झोपू देईना.

उरलेली दोन्ही ठिकाणं मुळशीकडची. एका रविवारी जाऊन पाहून आलो. नवऱ्याला पहिल्या ठिकाणचे तलावाकाठचे तंबू फार आवडले. मी न्हाणीघरात शिरले. कडी इतकी घट्ट, की मलाच दोन्ही हातांनी ओढावी लागली. नऊ वर्षांच्या पोरीला रात्री ती कशी उघडणार?

चौथ्या ठिकाणी दिसायला काहीच नव्हतं. पत्र्याचा लांब हॉल, खाली सतरंज्या, दाराशी ताईंची गादी. दर बारा मुलींमागे एक ताई. पौडचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर, गाडी कोण काढणार, हे न विचारता सांगितलं. फॉर्मवर औषधं, अ‍ॅलर्जी वगैरे होतंच, पण खाली एक ओळ होती: 'रात्री अंथरूण ओलं होतं का? फक्त ताईंना कळेल.' मी तिथंच पैसे भरले. साडेसात हजार.

नवरा परतीच्या वाटेवर तंबूंसाठी हळहळत होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात लेक तिकडे, आणि इथे पुण्यात वळवानं झोडपायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात तर मान्सूनच आला. पावसाच्या पहिल्या रात्री मी न राहवून ताईंना फोन केला. मागून पत्र्याचा ताडताड आवाज आणि चाळीस पोरींच्या भेंड्या. "बोलायचंय का तिच्याशी?" ताईंनी विचारलं. मग हाक मारल्याचं ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं, "ती म्हणतेय उद्या बोलेन, आत्ता 'ळ' आलाय."