गोळी केवढी आणि कापड किती जाड

ठासणीची रायफल नव्याने हाती घेणारा माणूस आधी गोळीचे माप विचारतो, आणि त्याला उत्तरादाखल एकच आकडा हवा असतो. मीही तसाच विचारला होता. माझ्या रायफलीच्या नळीवर ५० कॅलिबर असे कोरलेले असल्यामुळे गोळीही ०.५०० इंचाचीच लागणार, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात तेवढी गोळी कापडासह नळीच्या तोंडातसुद्धा शिरली नसती. गोल गोळी नळीपेक्षा लहानच असावी लागते, कारण ती नळीला थेट शिवत नाही. तिच्याभोवती वंगण लावलेल्या सुती कापडाचा तुकडा असतो, ज्याला आम्ही पॅच म्हणतो, आणि नळीतल्या पिळाच्या खाचा पकडून गोळीला फिरकी देण्याचे काम हे कापडच करते. त्यामुळे कापड हातात नसताना गोळीचे माप ठरवायला बसणे व्यर्थ आहे.

हिशेब तसा शाळकरी आहे, फक्त नळीला दोन व्यास असतात हे लक्षात ठेवावे लागते. दोन खाचांमधल्या उंच पट्टीला आम्ही उंचवटा म्हणतो; एका उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर ०.५०० इंच आणि खाचांची खोली ०.०१० इंच असेल, तर खाचेच्या तळापासून समोरच्या तळापर्यंत ०.५२० इंच भरतात. आता ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीचे कापड घेतले, तर कापड गोळीच्या दोन्ही बाजूंना येत असल्यामुळे बेरीज बरोबर ०.५२० होते. कागदावर हे फार सुरेख दिसते, पण याचा अर्थ कापड खाचेच्या तळाला जेमतेम टेकले आहे एवढाच असतो, आणि जेमतेम टेकलेल्या कापडाच्या कडेने दारूचा तापलेला वायू वाट काढतो. कापड खाचेतही थोडे दाबले गेले पाहिजे. तेच कापड ०.०१८ इंचाचे घेतले तर बेरीज ०.५२६ होऊन प्रत्येक बाजूला तीन हजारांश इंचाचा दाब मिळतो. गोळी ०.४९५ ची केली आणि कापड ०.०१५ चेच ठेवले, तर बेरीज ०.५२५ होते, म्हणजे खाचेतला दाब जवळपास तितकाच राहतो.

मग या दोन जोड्यांत फरक काय, तर तो उंचवट्यांवर दिसतो. ०.४९० ची गोळी आणि उंचवटा यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला पाच हजारांश इंचाची फट उरते, ०.४९५ च्या गोळीला तिच्या निम्मीच मिळते, आणि तेवढ्या जागेत कापड मावत नाही म्हणून शिशालाच आत दबावे लागते. साहजिकच मोठी गोळी ठासायला अधिक जोर लागतो. माझे मत लहान गोळी आणि जाड कापड या जोडीच्या बाजूने आहे, कारण जाड कापड वंगण जास्त धरून ठेवते, उष्णतेला अधिक काळ तोंड देते आणि एखाद्या नळीची खाच थोडी कमीजास्त खोल असली तरी सांभाळून घेते. वजनाचा विचार इथे गौण आहे: शुद्ध शिशाची ०.४९० ची गोळी साधारण ११.४ ग्रॅम भरते, ०.४९५ ची ११.८. खाचा उथळ असतील, म्हणजे लांबट गोळ्यांसाठी कापलेल्या नळीत असतात तशा चार-पाच हजारांश इंचांच्या, तर मात्र हे माझे मत बाजूला ठेवावे. तिथे पातळ कापडही पुरते.

खरी फसगत होते ती कापड मोजताना. गादीपाटाचा तुकडा कॅलिपरच्या जबड्यांत अलगद धरला तर एक आकडा येतो, आणि जबडे बोटांनी घट्ट आवळले की त्यातून सहज दोन-तीन हजारांश इंच कमी होतात. वरच्या बेरजेतला आकडा आवळून मोजलेला आहे. दर वेळी सारखाच आवळणे महत्त्वाचे, म्हणून मी एकाच कापडाची पाच ठिकाणी मोजणी करतो. कापड शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीचे हवे, कारण कृत्रिम धागा नळीत वितळतो. नवे कापड गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढल्याशिवाय त्याची जाडी मोजण्यात अर्थ नाही. धुतल्यावर ते आटते आणि जाडी बदलते.

हे सगळे मला ठाऊक होते, तरीही मी एकदा सपशेल चुकलो. जुने कापड संपले, त्याच पट्ट्यापट्ट्यांचे नवे आणले आणि रंग जुळतो म्हणून मोजलेच नाही. पन्नास मीटरवर तळहाताएवढ्या जागेत पडणाऱ्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. दोन दिवस मी माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीला, दोष दिला, मग दारूला, मग स्वतःच्या श्वासाला. शेवटी रायफल रिकामी करून नळीपुढच्या गवतात उतरलो आणि पडलेले पॅच गोळा केले. पॅच नळीपासून काही पावलांवरच पडतात, आणि नेमाच्या पाटीपेक्षा ते अधिक खरे बोलतात. धड पॅच मधोमध काळवंडलेला, कडेला थोडा विसविशीत झालेला, पण अखंड असतो. माझ्या हातातल्या पॅचांवर, जिथे गोळीची कड नळीला भिडते तिथेच, जळालेले कडे होते. दोनचार पॅचांचे मधले वर्तुळ गळूनच पडले होते. घरी येऊन कापड आवळून मोजले, तर ते ०.०१२ भरले.

पॅच जळलेला नसून फाटलेला असेल, आणि चिरा ठरावीक अंतरावर असतील, तर मात्र जाडीला दोष देऊ नये. तो नळीच्या तोंडाच्या किंवा उंचवट्यांच्या धारदार कडांचा प्रताप असतो, आणि नव्या नळीत तो हमखास आढळतो. तोंडाची कड बारीक पॉलिश कागद अंगठ्याखाली धरून धीराने गोलसर करता येते.

गोळी झाडण्याआधीही एक चाचणी करता येते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून पॅचसह गोळी नळीच्या तोंडाशी जेमतेम आत दाबावी आणि कापडाच्या कडा धरून परत ओढून काढावी. शिसे मऊ असेल आणि जोडी जुळलेली असेल, तर गोळीच्या पोटावर कापडाची वीण उमटलेली दिसते, उंचवट्यांच्या जागी ठसठशीत आणि खाचांच्या जागी फिकट. खाचांच्या जागी काहीच उमटले नसेल, तर कापड पातळ आहे. शिशात दुसरा धातू मिसळला असेल तर ठसा नीट उठत नाही, शिवाय त्याच साच्यातून निघालेली गोळी किंचित मोठी आणि हलकी भरते, म्हणून मी साच्याच्या डबीवरचा आकडा न मानता गोळ्याही मोजतो.

घट्टपणाचाही एक शौक असतो. १८०० साली ब्रिटिश सैन्याने बेकर रायफल स्वीकारली, तेव्हा गोळी आत घालण्यासाठी सुरुवातीला लाकडी मोगऱ्या दिल्या होत्या. पुढे त्या बंद झाल्या. मीही काही काळ मोगरी बाळगली. गोळी आत ढकलायच्या गजावर एवढा जोर लावावा लागत असेल, तर लाकडी गज मोडून हातात घुसण्याची भीती खरी असते, आणि त्याहून वाईट म्हणजे गोळी दारूवर न टेकता मध्येच अडकते. तशी अडकलेली गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून गजावर खूण करून ठेवावी आणि ती दर वेळी तोंडाशी आली आहे का, हे पाहावे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन राखेच्या रूपात मागे उरतो, त्यामुळे स्वच्छ नळीत सहज जाणारी जोडी तिसऱ्या-चौथ्या गोळीला हट्ट धरते. माझी कसोटी अशी, की ओलसर फडके एकदा फिरवल्यावर दहावी गोळीही तोंडाशी आखूड दट्ट्याने आणि पुढे गज थोडा थोडा पुढे धरत एका हाताच्या जोराने बसली पाहिजे.

सध्या माझ्या रायफलीत ०.४९० ची गोळी आणि आवळून मोजलेले ०.०१८ चे कापड चालते, वंगण म्हणून मेण आणि चरबी. नवे कापड आणले की आधी धुतो, मोजतो, त्यातून पाच पॅच कापतो, पाच गोळ्या झाडतो आणि पाटीकडे जाण्यापूर्वी गवतात उतरतो.