मँचेस्टर म्हणजे चादरी

सिडनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात चादरी घ्यायला गेले, तर दुकानात वर पाटी : मँचेस्टर. मी इचलकरंजीची, कापडाच्या मागांच्या गावची. ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ हे शाळेच्या निबंधांत कितीदा लिहिलं असेल! पाटीखाली चादरी, अभ्रे, टॉवेल. इथल्या इंग्रजीत घरगुती कापडालाच मँचेस्टर म्हणतात. पूर्वी कापड इंग्लंडमधल्या त्या शहरातून यायचं; शहराचं नाव मालाला चिकटलं.

त्या एका शब्दापायी मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मॅक्वारी कोश आणला. ऑस्ट्रेलियाच्या इंग्रजीचा हा कोश १९८१मध्ये निघाला, संपादक आर्थर डेलब्रिज. आपण जसं बोलतो तसंच कोशात छापलेलं पाहून इथल्या माणसांना काय वाटलं असेल, ते मला कळतं.

मग ग्रंथालयात ‘ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी’ सापडली आणि मी तिथंच रमले. पहिली आवृत्ती १९८८ची, दुसरी २०१६ची, दोन जाडजूड खंड. घेतलेत ते फक्त या मातीत जन्मलेले किंवा इथं येऊन वेगळा अर्थ घेतलेले शब्द. प्रत्येक शब्दाखाली तो कधी, कुठे, कुणी वापरला त्याची वाक्यं, सनावळीसकट. पत्रं, वर्तमानपत्रं, रोजनिशा, काहीही चालतं. मला हा मोठा न्याय वाटतो : मेंढपाळाच्या बोलण्यालाही पुरावा म्हणून मान.

‘बँडिकूट’ पाहा. मूळ तेलुगू, पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर. आपली घूसच ती. इथं आलेल्या गोऱ्यांनी हे नाव पोटाला पिशवी असलेल्या एका वेगळ्याच प्राण्याला दिलं. तो पुढच्या पायांच्या नख्यांनी माती उकरतो, म्हणून पुढं त्याचं क्रियापद झालं : वरचा पाला तसाच ठेवून खालचे बटाटे चोरून काढणं, म्हणजे बँडिकूट करणं! एवढ्या नेमक्या चोरीला एक शब्द.

हे फोनवर सांगितलं तेव्हा आई हसली. मग म्हणाली, “आणि आपल्या मागावरचे शब्द कुणी लिहून ठेवलेत गं?” तिनं वीस वर्षं कांड्या भरल्या आहेत, म्हणजे मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळलंय.

आता दर रविवारी ती सांगते, मी लिहिते. कांडी, धोटा (आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो), वहिफणी. शब्दाखाली तिचं वाक्य, जसंच्या तसं, आणि तारीख. मागच्या रविवारी ‘धोटा’वरच पाऊण तास गेला.