पांबनचा जुना पूल उघडला तो दिवस

रिव्हेट, म्हणजे लोखंडी पत्रे जोडणारी डोकं असलेली खिळ, सैल झालीय का ते बघायला मोठं यंत्र लागत नाही. डोक्याच्या एका कडेला बोट टेकवायचं, दुसऱ्या कडेने हातोडीचा हलका टोला द्यायचा. रिव्हेट सैल असेल तर बोटाला थरथर कळते. मी पुलांच्या तपासणीचं काम करतो, त्यामुळे हे रोजचंच. तमिळनाडूतल्या पांबनच्या जुन्या रेल्वे पुलावर मात्र काही ठिकाणी टोला मारायला डोकंच उरलं नव्हतं. खाऱ्या वाऱ्याने ते खाऊन सपाट केलं होतं. शेजारच्या दोन पत्र्यांमध्ये गंज फुगून पत्रे एकमेकांपासून सुटले होते, फटीत पट्टीचं टोक सहज जात होतं.

डिसेंबर 2022 मध्ये या पुलावरची रेल्वे बंद झाली. त्यानंतर गर्डरची, म्हणजे पुलाच्या आडव्या लोखंडी तुळयांची, जाडी मोजायचं काम आमच्याकडे आलं. रामेश्वर बेट मुख्य भूमीला जोडणारा हा पूल 1914 साली सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. तेव्हा त्याचा मुख्य हेतू यात्रा नव्हता, सिलोन (आजची श्रीलंका) होता: गाडीने बेटाच्या टोकाच्या धनुष्कोडीपर्यंत जायचं आणि तिथून आगबोटीने सिलोनच्या तलैमन्नारला. काशीची गंगा रामेश्वरी आणि रामेश्वराची वाळू काशीला नेणारी आपली मराठी माणसंही पुढे याच पुलावरून गेली.

दुपारी काम थांबवायचा निरोप आला. बोटी जायच्या होत्या, मधला स्पॅन, म्हणजे पुलाचा उघडणारा भाग, उघडणार होते. मी हातोडी पिशवीत टाकली आणि तिकडे धावलो.

शेर्झर पद्धतीचा हा स्पॅन मी कागदावर अनेकदा पाहिला होता. दोन पाती बोटींच्या वाटेच्या मधोमध एकमेकांना भेटतात. प्रत्येक पात्याची मागची बाजू डुलत्या खुर्चीच्या पायांसारखी बाकदार असते आणि ती सपाट रुळावरून मागे लोळत जाते. त्यामुळे पातं नुसतं वर उठत नाही, उठता उठता मागेही सरकतं आणि बोटीला वाट मोकळी होते. मागे प्रतिभार, म्हणजे तोल साधणारं वजन, असतं, म्हणून उचलायचं वजन जवळजवळ तोललेलंच असतं. उरतं ते घर्षण आणि वारा.

त्या दिवशी ते समोर घडलं. माणसांनी दांडे लावले, दातेरी चाकं फिरू लागली. मोटर नाही, इंजिन नाही. सुरुवातीला काहीच हलत नाहीये असं वाटलं. मग सांध्यातली फट बोटभर झाली, वीतभर झाली, आणि शेकडो टनांचं लोखंड माणसांच्या जोरावर आभाळाकडे निघालं. माझ्या शेजारी पूर्वी हेच काम केलेले एक अण्णा उभे होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "सार, ताकद नहीं. सब एक साथ, बस."

1964 च्या डिसेंबरात चक्रीवादळाने धनुष्कोडी नेलं, प्रवाशांसकट एक गाडी नेली आणि पुलाचे बहुतेक गर्डरही नेले. खांब आणि हा शेर्झर स्पॅन मात्र राहिला. समुद्रातून गर्डर शोधून काढून रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली 46 दिवसांत पूल पुन्हा उभा केला गेला. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, आणि असावीच. पण नंतरची जवळजवळ साठ वर्षं गंज खरवडून रंग देणाऱ्या, ताशी 58 किलोमीटरच्या वर वारा गेला की गाडी रोखून धरणाऱ्या माणसांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. 2007 मध्ये मीटरगेजचा हा पूल ब्रॉडगेज झाला, तोही त्यांच्याच भरवशावर. पोलादाला इतका छळणाऱ्या हवेत एवढी वर्षं पूल टिकला तो निव्वळ देखभालीने, असं माझं ठाम मत आहे.

शेजारी नवा पूल उभा राहत होता. त्याचा मधला भाग यंत्राने सरळ वर उचलला जातो. एप्रिल 2025 मध्ये तो सुरूही झाला. तो हवाच होता. जुन्या गर्डरवर आता गाडी चालवणं मला तरी पटलं नसतं, मोजलेली जाडीच तसं सांगत होती.

अहवालात फक्त आकडे मागितले होते. शेऱ्याच्या रकान्यात मी तरीही लिहिलं: गर्डर काढायचे तर काढा, पण शेर्झरचं निदान एक पातं मुख्य भूमीवरच्या मंडपमच्या किनाऱ्यावर रुळासकट, दातेरी चाकांसकट उभं ठेवा. आणि दांडेही ठेवा, शिकायला येणाऱ्या पोरांना ते हाताने फिरवून बघता येतील.