क्लबसाठी मिक्सर घेताना

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, रात्री साडेबाराच्या सुमाराला, आमच्या क्लबच्या मिक्सरवर, म्हणजे डीजे ज्यावर गाणी एकमेकांत मिसळतो त्या यंत्रावर, दुसऱ्या चॅनलचा क्यू गेला. बटण दाबलं की दिवा लागायचा, पण हेडफोनमध्ये काहीच नाही. बंगळुरूहून आलेला पाहुणा डीजे वाजवत होता. पुढचं गाणं लोकांच्या आधी आपण हेडफोनमध्ये ऐकायचं, बीट जुळवायचा आणि मगच फेडर (आवाजाची सरकती पट्टी) वर घ्यायचा, सगळं कामच क्यूवर चालतं. त्यानं मोबाइलच्या उजेडात सीडीजेची (गाणी वाजवणाऱ्या प्लेअरची) कॉर्ड चौथ्या चॅनलला लावली आणि उरलेला तास निभावून नेला. खाली उतरल्यावर तक्रारीचा एक शब्द बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. कोरेगाव पार्कातल्या या छोट्या क्लबमध्ये मी चार वर्षं शुक्रवार-शनिवार वाजवते. दीडशे माणसं आली की ती खोली भरते. पाहुण्याच्या हाताखाली काय आहे, ही जबाबदारी मी माझीच समजते.

सोमवारी मालक म्हणाले, "वाजवतेस तू, तर कुठला घ्यायचा तेही तूच सांग."

मनापासून सांगायचं तर मला अलेन अँड हीथचा झोन ९६ हवा होता. मी गोव्यात दोन वेळा त्यावर वाजवलंय. आतून ॲनालॉग, प्रत्येक चॅनलला तीनऐवजी चार पट्ट्यांचा ईक्यू (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची नॉब), त्यामुळे मधला आवाज दोन भागांत वेगळा हाताळता येतो. गायिकेचा आवाज न दुखवता त्याच्या खालची गिटार मागे सारता येते. आणि त्याचे दोन फिल्टर! हळूहळू उघडत नेला की गाणं पाण्याखालून वर आल्यासारखं वाटतं. हाउस प्रकारचं नाचाचं संगीत वाजवणाऱ्या माणसाला एकदा त्याची सवय लागली की दुसरं काही गोड लागत नाही.

तरीही मी तो घेऊ नका असं सांगितलं. आमच्याकडे महिन्याला सहा-सात पाहुणे येतात. त्यातले बहुतेक जण पेन ड्राइव्ह आणि हेडफोन एवढंच घेऊन येतात आणि पायोनियरच्या डीजेएम मिक्सरवर शिकलेले असतात. त्यांची बोटं न बघता इको शोधतात. झोनमध्ये फिल्टर आहे, आवाज खरखरीत करणारा क्रंच आहे, पण बीटवर बसणारे, आवाज घुमवणारे इको-रिव्हर्ब आत नाहीत. ते हवे असतील तर बाहेरचं यंत्र मिक्सरच्या सेंड-रिटर्न सॉकेटला जोडायचं. मी जोडेन, मला आवडतं ते. पण साडेअकराला धावत बूथमध्ये शिरलेल्या मुलानं पहिली दहा मिनिटं बटणं शोधण्यात का घालवायची? क्लबचा मिक्सर हा रेसिडेंटच्या, म्हणजे तिथल्या कायमच्या डीजेच्या, आवडीचा नसावा, असं माझं ठाम मत झालंय. घरचा मिक्सर आवडीनं घ्यावा.

नवा डीजेएम-ए९ पाहिला. २०२३ मध्ये आला तो. दोन डीजे एकत्र वाजवणार असतील तर दोन हेडफोनना दोन वेगळे क्यू मिळतात, ही सोय फार मोलाची आहे. चॅनलमधलं अंतरही ऐसपैस, जाड बोटांना बरं. पण किंमत दोन लाखांच्या पुढे, आणि आमच्या एका सीडीजेचा जॉग व्हीलही दुरुस्तीला आला होता. म्हणून सेकंडहँड डीजेएम-९००एनएक्सएस२ शोधायचं ठरलं. हा मिक्सर २०१६ चा, आतलं सगळं काम डिजिटल, ९६ किलोहर्ट्झवर. यूएसबीची दोन पोर्ट आहेत, त्यामुळे एका लॅपटॉपवाल्याकडून दुसऱ्याकडे जाताना संगीत थांबवावं लागत नाही. आजही बहुतेक डीजेंच्या रायडरमध्ये (आधी पाठवलेल्या सामानाच्या मागणीच्या यादीत) चालतो.

सेकंडहँड घ्यायचा म्हटल्यावर मी आधी अण्णांना फोन केला. आमच्या अण्णांचा साताऱ्यात साउंडचा धंदा. लग्नं, मंडळांच्या मिरवणुका, सभा. त्यांच्या धंद्यात डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली टॉप-बेसची भिंत, आणि मी जे करते ते त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही. पण यंत्र तपासावं तर त्यांनीच. ते म्हणाले, "गाणं लावू नको आधी. काही न लावता लेव्हल वर घे आणि ऐक."

पहिला मिक्सर मुंबईत पाहिला. विकणाऱ्यानं आधीच एक गाणं जोरात लावून ठेवलं होतं. मी ते बंद करायला सांगितलं. एकाही चॅनलवर काही वाजत नाही, ट्रिम (चॅनलमध्ये येणाऱ्या आवाजाची लेव्हल ठरवणारं नॉब) पूर्ण वर, फेडर पूर्ण वर, हेडफोन कानाला. पहिला चॅनल, दुसरा चॅनल, हलकी सळसळ, ती असायचीच. तिसऱ्यावर मात्र सळसळीखाली एक बारीक घूं होतं. कॉर्ड काढली तरी राहिलं. मग गाणं लावून फेडर अगदी हळू, केस सरकवावा इतका हळू वर नेला. मध्यावर खर्र. वेगानं ओढला तर ऐकू आलं नसतं. फेडरची खरखर हा काही मोठा आजार नाही, धूळ असते, साफ होते, नाहीतर फेडरच बदलता येतो. पण घूं बोर्डावरून येत असेल तर त्याचा खर्च कुठे जाऊन थांबेल ते कुणी सांगू शकत नाही. परत आले.

दुसरा पुण्यातच एका भाड्यानं साउंड देणाऱ्या माणसाकडे मिळाला. कडा घासलेल्या, बाहेरून त्या पहिल्यापेक्षा वाईट दिसणारा. इथे मी दीड तास घालवला. प्रत्येक क्यूचं बटण वीस वेळा दाबलं, कारण आमचा घात तिथेच झाला होता. मास्टरची, म्हणजे खोलीकडे जाणाऱ्या मुख्य आवाजाची, एक्सएलआर कॉर्ड लावून पिन हलवून पाहिली, आवाज तुटतो का ते ऐकलं. बूथचा, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरचा, आवाज मास्टरपासून वेगळा कमी-जास्त होतो का ते पाहिलं. बूथ मेला तर डीजे मास्टर चढवत जातो, हा माझा रोजचा अनुभव आहे. मग ईक्यूचा छोटा स्विच. साध्या ईक्यूवर बेसचं नॉब पूर्ण डावीकडे नेलं की बेस २६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे थोडा उरतो. आयसोलेटरवर टाकलं की तो पार नाहीसा व्हायला हवा. डोळे मिटून ऐकलं. चारही चॅनलवर किकचा, त्या धप्प ठोक्याचा, मागमूस राहिला नाही. मागच्या पट्टीवरचे व्होल्टसुद्धा वाचले. परदेशातून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं निघालं तर आपल्या २३० व्होल्टवर पहिल्याच दिवशी धूर निघेल.

एकच दोष सापडला, पहिल्या चॅनलच्या ट्रिमची टोपी सैल होती. ती चालण्यासारखी होती. घेतला.

आता लेव्हलबद्दल, कारण चांगला मिक्सर घेऊनही इथेच बहुतेक क्लब मार खातात. गर्दी वाढली की डीजे ट्रिम वर नेतो, लाल दिवे लागतात, आवाज मोठा वाटतो. खरं तर त्या क्षणी लाटेचं डोकं कापलं जातं आणि कापलेल्या कडांमधून नको तितकी वरच्या पट्टीची ताकद टॉपमधल्या (वरच्या स्पीकरमधल्या) बारीक आवाजाच्या ड्रायव्हरकडे जाते. अण्णांनी अशा जळलेल्या डायफ्रामांवर एका सीझनमध्ये किती पैसे घातलेत ते मी लहानपणी घरातल्या वहीत पाहिलंय. म्हणून आम्ही एका मंगळवारी दुपारी, क्लब रिकामा असताना, सगळं उलट्या बाजूनं बांधलं. मिक्सरचा मास्टर मीटर हिरव्यात, सगळ्यात मोठ्या भागाला जेमतेम पिवळ्यात, आणि तेवढ्यात खोलीला हवा तो आवाज मिळेल असे ॲम्प लावले. ठरलेल्या मर्यादेपुढे आवाज जाऊ न देणारा लिमिटर त्याच्यावर. आता वर न्यायची गरजच उरत नाही. मास्टरच्या नॉबशेजारी मी पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा लावलाय, एवढ्यावर ठेवा म्हणून. पाहुणे तो पाळतात, कारण त्या खुणेवर खोली छान वाजते. बूथचे स्पीकर कानाच्या उंचीवर आणले, हे कामही त्याच दिवशी झालं. बूथ जवळ आणि स्वच्छ ऐकू आला की मास्टर चढवायची खाज आपोआप कमी होते.

मिक्सरसाठी वेगळी लाइन ओढून घेतली. फ्रीज आणि बारच्या ब्लेंडरच्या लाइनवर तो पूर्वी होता.

गेल्या महिन्यात अण्णा डोळे तपासायला पुण्याला आले होते. दुपारी चारला त्यांना क्लबमध्ये घेऊन गेले. खुर्च्या उलट्या टेबलांवर, फरशी ओली. त्यांनी मिक्सरवर फारसं पाहिलं नाही. मला म्हणाले, "काही लावू नको. लेव्हल वर घे." मी चारही ट्रिम, चारही फेडर वर केले. ते चालत डावीकडच्या टॉपपर्यंत गेले, जाळीला कान लावून बराच वेळ उभे राहिले. मग उजवीकडच्या टॉपला.

"अर्थिंग कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

मी इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं. ते त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं.